पाठमोरं गाव

निवांत वाचा. यात कोणी मरत नाही, कोणी कोर्टात जात नाही आणि शेवटी सगळे पोटभर जेवतात. हे आधीच सांगून टाकते, कारण मी स्वतः ते तीन-चार दिवस जीव मुठीत धरून काढले. तुमच्यावर ती वेळ यायला नको.

सुरुवात झाली पुण्यात, एका मैत्रिणीच्या दिवाणखान्यात. तिच्या कपाटावर हातभर उंचीची एक लाकडी बाई उभी होती आणि चक्क भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी साताऱ्याची. अर्धं आयुष्य हौशी नाटकांत काढलेलं. आम्हाला रंगमंचावर पहिला धडा मिळतो तो हाच, की प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही. मी उठले आणि त्या बाईला सरळ करून ठेवलं. तर पुढून काहीच नाही! ना डोळे, ना नाक. झाडाची साल जशीच्या तशी, आणि हनुवटी असायला हवी तिथे डिंकाचा एक वाळका थेंब. परत फिरवली. पाठीमागून मात्र बाई जिवंत होती. पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यातून एक बट सुटलेली, आणि मानेच्या ठेवणीत असा राग की मला वाटलं, मी हिचं काय बिघडवलंय?

“घनसावंगीकडचे कोणी दगडूबा आहेत,” मैत्रीण म्हणाली. “त्यांना म्हणे गावाने बाहेर काढलंय. तेव्हापासून सगळ्या मूर्ती अशा पाठमोऱ्याच करतात.”

लाकडाचा कलावंत, आणि नाव दगडू! मी तिथल्या तिथे बॅग भरली असं लिहिलं तर ते नाटकी होईल. मी घरी जाऊन भरली.

वाटूर, चुकून

जालन्याच्या स्टँडबाहेर काळ्या-पिवळ्या जीप उभ्या होत्या. पोळा दोन दिवसांवर आलेला. जो तो बैलांचे गोंडे, घुंगुरमाळा, शिंगांचे रंग घेऊन गावाकडे निघालेला. एक ड्रायव्हर गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. मला ऐकू आलं, “वाट दूर, वाट दूर, वाट दूर!” मनात म्हटलं, हो बाबा, मला लांबच जायचंय. काय काव्यमय वाहतूक आहे! आणि चढून बसले.

शेजारच्या बाईंनी मांडीवरची घुंगुरमाळ सरकवून मला जागा दिली. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, “कुठं चालल्या, बाई?”

“घनसावंगीला.”

पुढच्या सीटवरच्या दोघांनी मागे वळून पाहिलं.

“मंग इकडं काहून आल्या? ही तं वाटूरची जीप हाय.”

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, मी तासभर वाटूर-वाटूर बोंबलून राह्यलो ना!”

“मला वाटलं, तुम्ही ‘वाट दूर’ म्हणताय.”

माणसं इतकी हसली की घुंगुरमाळाही वाजायला लागल्या. “आता झाली ना बराबर दूर!” मागून कोणीतरी म्हणालं. वाटूरच्या फाट्यावर त्याच ड्रायव्हरने मला चहा आणि गरम भजी खाऊ घातली, दुसऱ्या जीपवाल्याला हाक मारली आणि बजावलं, “या बाईला घनसावंगी म्हनून सांग. दुसरं काई बोलू नको, त्या त्याचं गानं करतेत.”

घुंगुरमाळवाल्या बाईंशी तेवढ्यात गट्टी जमली होती. आमच्याकडे बैलांचा सण बेंदूर, तोही आषाढात, हे ऐकून त्यांना माझी दया आली. “मंग पोळ्याला तुमच्याकडं काय करतेत?” “काही नाही.” “काईच न्हाई?” त्यांनी माझ्या हातावर आणखी दोन भजी ठेवली.

घनसावंगी

पुढे दोन्ही बाजूंना ऊस लागला, मध्येच मोसंबीच्या बागा, आणि पाऊस होऊन गेल्यामुळे चाकाला चिकटून येणारी काळी माती. दगडूबांचं घर गावाबाहेर, गोदावरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घर दोन खोल्यांचं, पण कामाची शेड घराच्या तिप्पट.

सत्तरीचा उंच, काटकुळा माणूस, भुवयांत भुसा अडकलेला, बाभळीच्या ओंडक्यावर वाकस चालवत होता. वाकस म्हणजे सुताराचं आडव्या पात्याचं हत्यार. एक घाव चुकला तर पायाचं बोट जातं.

“साताऱ्याहून आले, तुमचं काम पाहायला,” मी म्हटलं.

“तिकडं सुतार न्हाईत?”

“आहेत. पण ते तोंडं कोरतात.”

वाकस थांबला. त्यांनी मला नीट पाहिलं आणि घराकडे वळून ओरडले, “सुभद्रे, चहा टाक! जरा जाणती बाई आली.”

शेडच्या मागच्या भिंतीला फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि फळ्यांवर गाव उभं होतं. साठ-सत्तर माणसं, सगळी हातभर उंचीची, सगळी भिंतीकडे तोंड करून. नाटकाच्या पडद्यामागे चुकून शिरल्यासारखं वाटलं मला. जणू पलीकडे कुठेतरी प्रेक्षक बसलेत आणि ही मंडळी त्यांच्यासाठी उभी आहेत.

दगडूबा ओळख करून देऊ लागले. “हा किसन दुकानदार. बसून-बसून कंबर उजवीकडं कलली. हे मास्तर, मानेवर खडूची बोटं पुसायची खोड. ही जिजी, पाटलीनबाई, ही चालताना बी कायतरी मोजून राह्यली असं वाटतं. अन् हे तात्या पाटील.”

तात्या पाटलांच्या मानेला दोन वळ्या होत्या. डावा खांदा चढलेला. हात पाठीमागे, आणि एका हाताच्या मुठीत दुसऱ्या हाताचा अंगठा घट्ट धरलेला. हुकूम सोडणारा माणूस आणि हातात लहान मुलासारखा धरलेला स्वतःचाच अंगठा! मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

आपली सगळी कहाणी दगडूबांनी बाभूळ तासता-तासता सांगितली. त्यांचं गाव हसनाबादच्या पुढे. गावाचं नाव छापायचं नाही असा शब्द मी नंतर दिला, म्हणून आपण त्याला निंबारी म्हणू. निंबारीत यांचं सुताराचं एकच घर. वडलांपासून गावाची औतं, तिफणी, बैलगाड्या सगळं हेच करायचे. खोड्या काढायची सवय पहिल्यापासून. देवळाच्या चौकटीवर त्यांनी पंचांची बैठक कोरली होती. पाचही पंच झोपलेले. त्यावर लोक हसले आणि पंचही हसले, कारण प्रत्येकाला वाटलं की झोपलेले ते बाकीचे चौघे.

गंमत संपली ती पोळ्याला. गावातल्या बैलजोड्या वेशीतल्या तोरणाखालून निघतात, पहिला मान पाटलांच्या बैलाचा. सुताराच्या दारात बैल नाही, म्हणून सुताराला जागा झाडाखाली, बघ्यांत.

“म्या बैठकीत इचारलं,” दगडूबा म्हणाले, “औत माहं, तिफन माही, बैलाच्या खांद्यावरचं जू माहं. मंग पोळ्यात म्या कुठं? तं तात्या म्हनले, बैल आन अन् ये.”

“मग?”

“मंग आनला.”

वर्षभर घराच्या मागे झाकून त्यांनी कडुलिंबाच्या लाकडाचा पुरा बैल केला. खऱ्या बैलाएवढा, खाली चाकं लावलेला. पोळ्याच्या दिवशी वाजंत्री सुरू झाली आणि पाटलांचा बैल पुढे यायच्या आत हा बैल गल्लीतून गडगडत आला आणि पहिला तोरणाखाली शिरला. एवढ्यावर भागलं असतं. पण बैलाच्या तोंडावर तात्या पाटलांचं तोंड होतं. भरलेले गाल, अर्धे मिटलेले डोळे, रवंथ करताना थांबल्यासारखे.

ठराव झाला. दगडूशी कोणी बोलायचं नाही, कोणी काम द्यायचं नाही, कोणी आवतन द्यायचं नाही. आवतन म्हणजे जेवायचं बोलावणं.

“म्या रस्त्यानं निघलो की समदे पाठ करायचे,” दगडूबा म्हणाले. “दिवाळीपस्तोर म्या निस्त्या पाठी पाह्यल्या. तवा कळलं, मानूस पुढून तुमच्यासाठी तोंड करतो, पाठ करायचं त्याला सुचत न्हाई.” मग बायकोला घेऊन ते इकडे आले. निघताना शिवेवर उभं राहून तेही बोलून गेले, की गावाचं आवतन आल्याशिवाय या शिवेच्या आत पाय ठेवणार नाही. म्हणजे गाव आवतन देणार नाही आणि हे आवतनाशिवाय जाणार नाहीत. वीसेक वर्षं झाली या गोष्टीला.

इकडे घनसावंगीत त्यांचं बरं चाललं. दारं, देवघरं, पलंग. आणि रात्री उरलेल्या लाकडात निंबारी. एकदा प्रदर्शनवाले येऊन काही मूर्ती घेऊन गेले आणि म्हणाले, पुढून तोंड कोरा, गिऱ्हाईक तोंड मागतं. “म्या म्हनलं, गिऱ्हाईकाला पाठवा, त्याचंच कोरतो.”

खरी गोष्ट मला चुलीपाशी कळली. सुभद्राकाकू धपाटे थापत होत्या. दह्यासोबत धपाटे हा प्रकार साताऱ्यात का नाही, याचा मी अजून विचार करते आहे. काकूंनी आवाज खाली केला.

“आमची वन्स हाय निंबारीत, गया आक्का. यांच्याहून मोठी. माय लौकर गेली, तिनंच यांला वाढवलं. दर भाऊबीजेला जीपनं इकडं यायची, ओवाळायची अन् जायची. आता गुडघे गेले. दोन दिवाळ्या झाल्या, आली न्हाई. हे रात्रीचे उठून बसतेत. तोंडानं सांगनार न्हाईत.” धपाटा उलटला. “तिला यायचं तं गुडघे आडवे, यांला जायचं तं ठराव आडवा. दोगं बी थकले, बाई. एकदा भेट व्हावी, बास.”

माझ्यासारख्या बाईला एवढं पुरे होतं. जेवताना मी जाहीर केलं, की उद्या मी निंबारीला जाते.

“जा,” दगडूबा म्हणाले. “आक्काला हे लाटनं द्या. पन माह्या वतीनं माफी मागायची न्हाई. बिलकुल न्हाई.”

“थोडीसुद्धा चूक झाली नाही तुमची?”

त्यांनी विचार केला. “एक झाली. चाकं लहान बसवली. तोरनाखालच्या खड्ड्यात रुतली अन् बैल तिथंच राह्यला.”

निंबारी

जालन्यावरून हसनाबाद, तिथून पुढे एका दूधवाल्याच्या गाडीत. इकडे ऊस नाही. मका, कपाशी, आणि पाऊस धरून राहिलेलं मोठं आभाळ. पारावर चार-पाच जण माझ्याकडे पाठ करून बसले होते. कंबर उजवीकडे कललेला गृहस्थ मला लांबूनच दिसला.

आता सांगा, मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण असा प्रवेश रंगमंचावर एकदाच मिळतो.

“किसनराव, नमस्कार!”

गृहस्थ गर्रकन वळले. चेहरा मला साफ अनोळखी.

“आपन?”

“आणि मास्तर, मानेवर खडू राहिलाय.”

निवृत्त मास्तरांचा हात मानेवर गेला. मग मी आणखी दोघांना नावाने हाक मारली. एकाने हळूच चपला घातल्या. त्याला वाटलं, मी पतसंस्थेची वसुलीवाली. शेवटी किसनराव जवळ आले आणि इकडे-तिकडे बघत कुजबुजले, “तुमी दगडूकडून आल्या का?”

मी मान हलवली.

“त्यानं समद्यायला कोरलं म्हनतेत. खरं हाय?” आणि आणखी खाली वाकून, “माहं टक्कल दाखवलं का?”

“तेव्हा नव्हतं तुम्हाला टक्कल. भरगच्च केस आहेत.”

किसनरावांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. पाच मिनिटांत पारावरचा प्रत्येक जण आपण कसे दिसतो ते विचारून गेला. ठराव? ठरावाचं कोणाला काही नव्हतं. पंचांपैकी दोघे वारले, दोघे मुलांकडे शहरात गेले. एकटे तात्या पाटील उरलेत, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो मोडायची हिंमत कोणात नाही, एवढंच.

गया आक्का ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. लाटणं घेतलं, फिरवून पाहिलं, नाकाशी नेऊन वास घेतला. “शिसव हाय,” म्हणाल्या, आणि मग पदराने नाक पुसलं. “जेवतो का बराबर?”

“धपाटे तर माझ्यापेक्षा जास्त खाल्ले.”

“तब्येत कशी हाय त्याची?”

“तोंड चांगलं आहे.”

“ते तं मेल्यावर बी चांगलंच राहील,” आक्का म्हणाल्या. “तू जा तात्याकडं. ऐकनार न्हाई, पन जा.”

तात्या पाटील गोठ्याच्या दारात उभे होते, माझ्याकडे पाठ करून. मानेच्या वळ्या गेल्या होत्या, नुसती कातडी लोंबत होती. पण डावा खांदा तोच, मुठीतला अंगठाही तोच. मला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली, तीही पाठीमागूनच.

मी सगळं सांगितलं. ते वळले नाहीत.

“ठराव तो ठराव, बाई. उद्या म्या मोडला तं परवा कोनी बी मोडंल. त्यानं चूक कबूल करावी, म्या आवतन देतो.”

“ते म्हणतात, एक चूक झाली. चाकं लहान बसवली.”

पाटलांची मान थरथरली. ते हसले की संतापले, हे पाठीवरून मला कळेना. माझी विद्या तिथे संपली.

खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद लावायची, पळसाच्या पानाने शेक द्यायचा. मी मध्यस्थी फसल्याचं दुःख विसरायला ते बघत बसले होते. जिजी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, वाटी घेऊन गोठ्यात आल्या. पाटलांच्या गोठ्यात आता एकच म्हातारा बैल उरलाय. बाकीचं काम ट्रॅक्टर करतो. जिजींनी त्याचा खांदा प्रेमाने मळला आणि त्याच्या कानाशी म्हणाल्या, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.”

बैलाला जेवायचं रीतसर बोलावणं! आमच्या बेंदराला आम्ही बैलाला असं विचारत नाही, थेट ताट पुढे करतो. मी मनात म्हटलं, काय हे अगत्य. तेवढ्यात जिजी कोपऱ्यात गेल्या आणि तिथलं एक बारदान बाजूला केलं.

लाकडी बैल. भरलेल्या गालांचा, अर्ध्या मिटल्या डोळ्यांचा. वीसेक वर्षांच्या तूप-हळदीने त्याचा खांदा काळाभोर, चकचकीत झालेला. जिजींनी वाटीतली उरलेली हळद त्याला चोळली आणि तितक्याच अगत्याने म्हणाल्या, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.”

मी उठून उभी राहिले. “जिजी, काय म्हणालात?”

“खांदे मळून राह्यले.”

“याला आवतन दिलंत?”

“दरसाल देते. तोरनाखालून आलेला बैल, जाळता येत न्हाई, फेकता येत न्हाई. म्हनून गोठ्यात घेतला. अन् गोठ्यातल्या एकाला आवतन द्यायचं, एकाला न्हाई, असं कसं? वाईट वाटतं त्याला.”

“अहो, पण तो लाकडाचा आहे.”

“त्याला कुठं ठावं हाय?” जिजी म्हणाल्या.

मी गल्लीतून धावत आक्कांच्या ओसरीवर गेले. या वयात आणि या वजनात धावण्याचं वर्णन मी करणार नाही. आक्कांनी ऐकलं. “परत सांग,” म्हणाल्या. मी परत सांगितलं, जिजींच्या आवाजासकट. मग दोन दिवाळ्या न उठलेल्या आक्का माझ्या खांद्याला धरून उठल्या. “चल.”

पाटलांच्या दारापर्यंत त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला होता. दारात मात्र तो काढून घेतला.

“तात्या, पोळ्याचा बैल एकला जेवाय येतो का?”

“न्हाई. धनी आनतो.”

“म्हंजी बैलाला आवतन, ते धन्याला आवतन?”

“हां, बराबर. तसंच हाय.”

“मंग तुह्या गोठ्यातला लाकडी बैल कोनाचा?”

तात्यांनी तोंड उघडलं. “माह्या गोठ्यात हाय, म्हंजी...”

“तुहा हाय? मंग त्या साली पहिला तोरनाखालून गेला तो तुहाच बैल. तुहा मान तुलाच भेटला. माह्या भावानं गुन्हा काय केला?”

“तसं न्हाई, आक्का. बैल दगडूचाच.”

“दगडूचा? मंग त्याला तुह्या घरातून दरसाल आवतन गेलं. इचार तुह्या बायकोला.”

तात्या हळूहळू जिजींकडे वळले. “तू आवतन देती?”

“देते.”

“मला काहून न्हाई सांगितलं?”

“तुमी कधी इचारलं?”

तात्या ओट्यावर बसले. हा माणूस आता उठून बैलाला कुऱ्हाड लावतो की काय, असं मला वाटून गेलं.

“म्हंजी ठराव मोडला,” ते म्हणाले. “अन् माह्याच घरातून.”

“मोडून लई वर्सं झाली,” आक्का म्हणाल्या. “त्याला निस्तं कळवायचं राह्यलं.”

मी तिथूनच फोन लावला. दगडूबांचा विश्वास बसेना. “गावाचं आवतन? कोनी दिलं? शब्द काय व्हते? तुमी नका सांगू, तुमी नाटकवाल्या. जिजीला द्या फोन.”

जिजींनी हात मागे घेतला. इतकी वर्षं न बोललेल्या माणसाशी एकदम काय बोलायचं! शेवटी तोडगा त्यांनीच काढला. “म्या बैलाला सांगते. तुमी फोन धरा.” आम्ही सगळे गोठ्यात गेलो. मी लाकडी बैलाच्या कानाशी फोन धरला आणि जिजींनी पदर सावरून, जरा मोठ्याने, आवतन दिलं.

मला वाटलं, लाइन गेली.

मग दगडूबांचा आवाज आला, अगदी बारीक. “त्याच्या शिंगाला भेग पडली का हो?”

“उजव्याला पडली,” जिजी न बोलायचं विसरून बोलल्या. “म्या तेल लावते.”

“तेल नका लावू. मेन भरा.”

“बरं.”

बस, एवढंच. वीसेक वर्षांचा ठराव शिंगाच्या भेगेतून गळून गेला. तात्या गोठ्याच्या दारात आमच्याकडे पाठ करून उभे होते. तसेच, न वळता म्हणाले, “त्याला म्हनावं, चाकं आन. मोठी.”

पोळा

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जीप आली नाही. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. बैल सजून आले, मोजकेच. त्यांच्या मागे फुगे लावलेले दोन ट्रॅक्टर. वाजंत्री थांबून-थांबून वाजत होती. प्रत्येक जण उगाच रस्त्याकडे बघत होता आणि आपण बघत नाही असं दाखवत होता.

मग लांबून चिखल उडवत जीप आली. जीपच्या टपावर चार चाकं बांधलेली, पुढच्या सीटवर सुभद्राकाकू जरीच्या लुगड्यात. आणि जीप शिवेवर येऊन थांबली. कोणी उतरेना. माझा जीव पुन्हा टांगणीला.

तात्या पाटील चालू लागले. एकटे, काठी टेकत, शिवेपर्यंत. मी मागोमाग गेले, अर्थात. मला न बोलावता जायची सवय आहे. दगडूबा उतरले होते, पण शिवेच्या पलीकडे उभे होते.

“म्हातारा झाला रे तू,” तात्या म्हणाले.

“तुमी बी झाले. पन पाठीमागून न्हाई, असं या बाई सांगतेत.”

तात्यांनी दगडूबांचा हात धरला आणि त्यांना अलीकडे ओढलं. माफीचं कोणी काही बोललं नाही. दोघांनाही ते सोयीचं होतं.

मान जोडीचा असतो आणि पाटलांकडे बैल एकच, म्हणून नवी चाकं बसवून शेजारी लाकडी बैल जोडला. खरा आणि लाकडी, दोघे बरोबर निघाले. लाकडी बैलाचं तोंड तरणंबांड आणि त्याच्या बाजूने चालणारे तात्या बोळक्या तोंडाचे. “असा दिसायचो म्या,” ते भेटेल त्याला सांगत होते. पण मोठ्या चाकांनी बैल वीतभर उंच झालाय, हे सुतारासकट कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. शिंगं तोरणात अडकली, दगडूबांनी मागून जोर लावला आणि सगळं तोरण तुटून दोघा म्हाताऱ्यांच्या अंगावर आलं. “पोळा फुटला!” तोरण तुटून बैल सुटतात तेव्हाची आरोळी पोरांनी ठोकली. इतकं हसलेलं गाव मी पाहिलं नाही, आणि या वेळी सगळी तोंडं आमच्याकडे होती.

पाटलांकडे पानं मांडली होती. दगडूबा तिकडे वळले नाहीत. मान बैलाला द्या, म्हणाले, आणि आक्कांच्या घराकडे निघाले. आदल्या संध्याकाळच्या चालण्याने आक्कांचे गुडघे सुजले होते, त्या वेशीपर्यंत येऊ शकल्या नव्हत्या. चुलीपाशी पाटावर बसून नव्या लाटण्याने पोळ्या लाटत होत्या. दगडूबा दारात उभे राहिले.

आक्कांनी मान वर केली. “हात धुऊन घे. पुरन गार होऊन राह्यलं.”

दगडूबा हात धुऊन आले. पानावर बसले. आक्कांनी पोळी वाढली, वर तूप, वाटीत गुळवणी, बाजूला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, झणझणीत आमटी. मी समोरच होते, पण डोळे पानात घातले होते. काही प्रवेश पाहायचे नसतात.

पहिला घास हातातच राहिला. दगडूबा दाराकडे बघत होते.

“आक्के, ही चौकट कोनी बसवली? वाकडी हाय.”

“तू नव्हता,” आक्का म्हणाल्या.

दगडूबा तसेच उठायला लागले. आक्कांनी त्यांच्या खांद्यावर पिठाचा हात दाबून त्यांना परत खाली बसवलं.

“जेव आधी.”